रस्त्याला लागून घर

बा, तुझा प्लॉट मी अजून विकलेला नाही. परवा एक गिऱ्हाईक आलं होतं. नवरा-बायको, दोघंही हिंगोलीत नोकरीला. नवरा जागा बघून खूश, पावलं टाकत इकडून तिकडं फिरत होता, इथं हॉल काढू, इथं देवघर. बायको मात्र रस्त्याकडं तोंड करून उभी. तिनं मला एकच विचारलं, "मॅडम, सकाळी इथून गाडी किती वाजता मिळते?" मी म्हटलं, "बाई, तू शहाणी आहेस. घेऊ नको ही जागा." नवरा माझ्याकडं बघतच राहिला. विकायला आलेली बाई असं बोलते व्हय? आता मी तरी काय करू. स्वस्त म्हणून एकदा एका माणसानं ही जागा घेतली आणि त्यापायी आपण दोघं बापलेक एकमेकांना जे बोललो, ते दुसऱ्या कुणाच्या घरात व्हायला नको. ते दोघं गेल्यावर मी तिथंच आपल्या पडलेल्या घराच्या जोत्यावर बसले आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडायला लागले. आज ते भांडण कागदावर उतरवते. मधे बोलू नको. जिवंत असताना तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

घरात आपण आपल्या तांड्याच्या बोलीत बोलायचो. ती मला लिहिता येत नाही, म्हणून तुझं बोलणं मी तू रस्त्यावरच्या माणसांशी बोलायचास त्या मराठीत लिहिते. तसाही तू सगळा दिवस रस्त्यावरच असायचास. बांधकाम खात्यातला मैलकुली. वारंगा फाट्याहून कळमनुरीकडं जाणाऱ्या रस्त्याचा ठरलेला एक तुकडा तुझ्या ताब्यात. त्यातले खड्डे भरायचे, कडेचं गाजरगवत उपटायचं, पुलाखालचा गाळ काढायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे, किलोमीटरचे दगड पांढरे करायचे. बाकीची माणसं साहेबाची जीप दिसली की फावडं उचलायची. तू साहेब नसतानाही दगड पुसत बसायचास. लहानपणी मी एकदा याडीनं, माझ्या आईनं, दिलेली भाकरी घेऊन तुझ्याकडं आले, तर तू दगडावरचा आकडा काळ्या रंगानं भरत होतास, तुला वाचता येत नव्हतं तरी. एका काडीनं, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखा. मला म्हणालास, "ह्यो माझा रस्ता हाय बघ. ह्याच्यावरनं कलेक्टर जातो, मंत्री जातो, पर राखतो कोण? मी." मी तेव्हा सात-आठ वर्षांची. मला ते शंभर टक्के पटलं होतं. त्या दिवसापासून शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचे, हा रस्ता आमचा आहे.

आणि त्या तुझ्या ताठ्यामागं अजून एक जुना ताठा होता, तांड्याचा. आपले वाडवडील लदेणीची माणसं. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादायचं आणि महिनोन्महिने चालायचं, हाच धंदा. बैल गेले, लदेणी गेली, आपल्या वाट्याला माळावरची कोरडवाहू जमीन आली, पण 'वाट आपली आहे, वाटेला पैसे पडत नाहीत' हे काही तांड्याच्या डोक्यातून गेलं नाही. तूच मला गोष्ट सांगायचास, तुझ्या आज्ज्याच्या आज्ज्याची. त्यांच्यातल्या एका नव्या पोरानं समुद्राकाठी मीठ स्वस्त मिळालं म्हणून बैल दामटून लादले. घरी येईतो बैलांचा चारा, पूर आला म्हणून नदीकाठी पडलेला मुक्काम, एका बैलाचा मोडलेला पाय, सगळं त्या मिठात गेलं, आणि मीठ गावच्या दुकानापेक्षा महाग पडलं. तेव्हा म्हातारा त्याला म्हणाला, मिठाचा भाव समुद्रावर विचारायचा नसतो लेकरा, जिथं उतरवायचं तिथं विचारायचा. हे सांगताना तू त्या पोराला पोट धरून हसायचास. मीही हसायचे. पुढं आपल्याच घरात ते पोरगं निघणार आहे हे आपल्याला कुठं माहीत होतं.

हिंगोली जिल्हा झाला तेव्हा माझं टायपिंग झालं होतं. नवी कार्यालयं उघडत होती, भरती निघत होती, आणि त्यातल्या एका कार्यालयात मी लिपिक म्हणून लागले. आपल्या तांड्यातली खुर्चीवर बसणारी पहिली पोरगी. तू पेढे वाटलेस. तांड्यात तर वाटलेसच, पण तुझ्या तुकड्यावरून जाणारी येष्टी तू लाल झेंडी दाखवून थांबवलीस. ड्रायव्हरला वाटलं पुढं पूल खचलाय. तो घाबरून खाली उतरला, तर तू पेढ्याचा पुडा घेऊन उभा! "पोरगी सायेब झाली माझी." लिपिक आणि साहेब यांच्यातलं अंतर तुला कुणी समजावून सांगावं? ड्रायव्हरनं आधी शिवी हासडली, मग पेढा खाल्ला, मग अजून एक मागितला. मला हे त्या ड्रायव्हरनंच पुढं सांगितलं. रुजू व्हायच्या दिवशी तू मला घड्याळ दिलंस. हिंगोलीच्या बाजारातून एकट्यानं जाऊन आणलेलं, बारीक सोनेरी पट्ट्याचं. म्हणालास, "सरकारी काम हाय माय. पगार मागून, टाइम आदी." आणि ते खरं होतं. मी लगेच कायम झालेली नव्हते. पहिली दोन वर्षं बिनतक्रार काढली तरच नोकरी पक्की, नाहीतर घरी बस. तीन लेटमार्क झाले की एक रजा जायची, आणि तसे फार झाले की शेरा. त्या दोन वर्षांवर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, हे तुलाही माहीत होतं.

तांडा रस्त्यापासून आत होता. पाऊण तास चालून मी रस्त्यावर यायचे, मग गाडीची वाट बघायची. पावसात चिखल, पायातली चप्पल हातात. ते तुला बघवलं नाही. तू प्लॉट घेतलास तो माझ्यासाठी, एवढं मी मान्य करते, ते आधीच लिहून टाकते म्हणजे पुढं मोकळेपणानं भांडता येईल. जिल्हा झाल्यावर हिंगोलीत जागांचे भाव आभाळाला भिडले होते. तू चौकशी केलीस, तर म्हणालास, एवढ्या पैशात तिथं न्हाणीसुद्धा येत न्हाई. मग तो प्लॉटवाला एजंट आला. रविवारी जीप घेऊन आला, तुला आणि याडीला पुढच्या सीटवर बसवलं, आधी हिंगोलीला नेलं, तिथून वारंगा फाट्याच्या अलीकडच्या माळावर घेऊन गेला, चहा-भजी खाऊ घातली, परत आणून सोडलं. तू किती खूश! "जीपनं गेलो न् आलो, कळलं बी न्हाई. रस्त्याला लागून हाय, पोरी! दारात डांबरी!" बा, ती जीप त्याची होती. डिझेल त्याचं होतं. रविवार होता. तुला तो प्लॉट दाखवताना वाट तेवढी त्यानं फुकट दिली, एका दिवसापुरती. रोजची वाट आपल्याला पडणार होती. पण तू रस्त्याचा माणूस. तुझ्या लेखी जे रस्त्याला लागून ते जवळ, आणि जे रस्त्यापासून आत ते लांब. रस्ता पुढं किती लांब जातो हा हिशेब तुझ्याकडं नव्हताच, कारण त्या रस्त्यावर तू रोज घरच्यासारखा वावरायचास. तू खात्यातला साठवलेला फंड काढलास, याडीनं अंगावरची चांदी काढली, आणि दोन खोल्यांचं पत्र्याचं घर उभं राहिलं. ती माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली दिवाळी.

आता त्या घरातून ऑफिसला जायचं कसं ते ऐक. तू कधी विचारलं नाहीस. नांदेडकडून येणाऱ्या गाड्या आपल्या दारातून भरून जायच्या. हात केला तर कंडक्टर आतून हात हलवायचा, नाही म्हणून. म्हणून मला हिंगोलीला जायला आधी उलटं फाट्याला जावं लागायचं, कुणाच्या टमटममधून नाहीतर पायी. तिथं गाडी रिकामी व्हायची, बसायला जागा मिळायची. मग तीच गाडी मला आपल्याच दारावरून पुढं घेऊन जायची. रोज सकाळी मी माझं घर खिडकीतून मागं जाताना बघायचे, घरातून निघून तासभर झालेला असायचा. येष्टी चुकली तर काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलायची नाही. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी चौघं, मागं दाटीवाटीनं, मांडीवर कुणाची तरी पिशवी, पिशवीत कुणाची तरी कोंबडी. कळमनुरीला ती परत थांबायची, परत भरायची, आठवडी बाजार असला की विचारूच नको. रस्ता तेवढाच असायचा बा, वेळ मात्र रोज वेगळा. एखाद्या दिवशी मी सव्वानऊला पोचून बंद दारासमोर बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पावणेअकराला धापा टाकत जायचे. तुझ्या दगडांवर किलोमीटर लिहिलेले असतात. गाडीची वाट बघण्यात माणूस किती झिजतो हे कुठल्या दगडावर लिहिलेलं नसतं. संध्याकाळी तेच उलट. घरी येईपर्यंत आठ. याडी ताट वाढायची आणि मी घास तोंडात घेऊन बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे.

तू दिलेलं घड्याळ हातात होतंच. ते बरोबर वेळ दाखवायचं आणि मला ते काढून नदीत फेकावंसं वाटायचं. मोठे बाबू हजेरीचं पुस्तक सव्वादहाला साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. त्यानंतर सही करायला साहेबांच्या समोर जायचं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण एका शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि एक कागद दिला. म्हणाले, "मॅडम, तुमचं काम चांगलं आहे. पण असंच चाललं तर कायम करायची शिफारस मला करता येणार नाही. घर एवढं लांब काहून केलं?" काहून केलं! मी काय सांगणार, माझ्या बापानं प्रेमानं केलं म्हणून? मी तो कागद घडी घालून पर्समधे ठेवला, जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले आणि बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक खोली ठरवून आले. घरमालकीण म्हणाली, "एकटीच राहणार?" मी म्हटलं, "एकटीच." भाडं म्हणजे पगारातला जवळजवळ अर्धा हिस्सा. पण मी चटकन पैसे काढून दिले, मन बदलायच्या आत.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा याडी चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तू दारात बसून पाय धूत होतास. मी चप्पलसुद्धा काढली नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "बा, मी हिंगोलीत खोली केलीय. एक तारखेपासून तिथं राहणार."

"काहून?"

"ऑफिस जवळ आहे."

"सोताचं घर असून भाड्यानं?" तू हातातला तांब्या खाली ठेवलास. "अन् एकटी? लोक शेण घालतील तोंडात. भाडं म्हंजी पान्यात गेलेला पैसा. इथं एका दमडीचं भाडं न्हाई."

"आहे भाडं. ते मी येष्टीला देते, काळी-पिवळीला देते, आणि उरलेलं लेटमार्कात देते. नोकरी जायची वेळ आलीय बा." मी तो साहेबांचा कागद तुझ्यापुढं धरला. तू तो हातात घेतला नाहीस.

"गाडीचं भाडं काय भाडं असतं व्हय? वाटेचं मोल कुनी करतं का? आपली मान्सं समुद्रापस्तोर चालत गेली. वाट आपली हाय."

"वाट तुझी असेल," मी म्हटलं. "तुला तिच्यावर पगार मिळतो. माझा पगार तिच्यापायी जाऊन राहिलाय. आणि मिठाची गोष्ट कोण सांगायचं मला? समुद्रावरचा भाव बघून बैल लादणारा कोण होता? जीपवाल्यानं भाव सांगितला आणि तू लादलंस."

तू असं बघितलंस माझ्याकडं की मी थोबाडीत खाणार असं वाटलं. तेवढ्यात याडी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "खोटं काय बोलली ती? चार आन्याची कोंबडी अन् बारा आन्याचा मसाला झालाय ह्यो. पोरीचं तोंड बघा जरा, वाळून गेलंय." याडी तुला असं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिची चांदी गेली होती त्या घरात, तिला बोलायचा हक्क होता.

मग तू आवाज खाली आणलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. म्हणालास, "रोज सकाळी मी तुझ्या गाडीला हात करून राहतो. बगतीस तरी का?"

"झोपलेली असते मी," मी म्हटलं. "अंग मोडून आलेलं असतं, गाडीत बसलं की डोळा लागतो. तुझा रस्ता मी कधी बघितलाच नाही."

तू "बरं" म्हणालास. जेवायला बसलास, एक भाकरी खाल्लीस आणि उठलास. रोज तीन खायचास.

एक तारखेला मी गेले. खोली केवढी, तर कॉट टाकली की दार अर्धंच उघडायचं. नळ दिवसाआड. शेजारच्या भिंतीपलीकडं स्टँडचा भोंगा, 'परभणीकडं जाणारी गाडी' दिवसभर कानात. पण बा, पहिल्या सोमवारी मी नऊ वाजता आवरून बसले आणि पुढं काय करावं ते कळेना. ऑफिस चालत पाच मिनिटांवर. मी परत चहा केला. बसून प्यायले, बशीत ओतून, सावकाश. तेवढा एक तास माझा होता आणि त्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. नंतर शिकले. त्या तासात मी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास केला. त्या तासात वर्तमानपत्र वाचलं, केस धुतले, याडीच्या साडीला फॉल लावला, नुसती पडून राहिले. त्यानंतर एकही लेटमार्क नाही. दोन वर्षं संपली तेव्हा साहेबांनीच मला आदेश हातात दिला आणि म्हणाले, "वेळेवर येणारं माणूस." मी कायम झाले. तू पेढे वाटले नाहीस. कुणी कौतुक केलं की म्हणायचास म्हणे, "पोरगी भाड्याच्या घरात राहती." याडी महिन्यातून एकदा भाकऱ्या आणि ठेचा घेऊन यायची, दुपारभर माझ्या कॉटवर झोपायची आणि जाताना म्हणायची, "इथं झोप लागती बाई." तू कधी आला नाहीस.

एकदाच आलास. तुझी नोकरी संपत आली होती, पेन्शनच्या कागदांसाठी हिंगोलीला आला होतास, आणि कसा कुणास ठाऊक, माझ्या ऑफिसच्या फाटकाशी उभा राहिलास. धोतर धुतलेलं, डोक्याला नवा फेटा. टपरीवर आपण चहा घेतला. तू म्हणालास, "खोली कुटं हाय?" मी पुढं चालायला लागले. थोड्या वेळानं मागं बघितलं तर तू मागंच राहिला होतास. हळू चालत होतास, एकसारखी पावलं टाकत, आणि तुझे ओठ हलत होते. मी ओळखलं. मैलकुलीचं पाऊल मापाला बांधलेलं असतं, तुकडा मोजायला टेप लागत नाही. तू फाटकापासून माझ्या दारापर्यंतचा रस्ता पावलांनी मोजत होतास. मी दार उघडलं, म्हटलं, "ये ना आत." तू आत आला नाहीस. दारातच उभा राहून पाणी मागितलंस, तांब्या वर धरून प्यायलास, मिशी पुसलीस, आणि गल्लीकडं बघत म्हणालास, "जवळ हाय. लईच जवळ हाय." आकडा सांगितला नाहीस. मग माझ्या मनगटाकडं बघून विचारलंस, घड्याळ बराबर चालतं का. मी म्हटलं, चालतं. तू गेलास. तुझ्याकडून ती माघार होती हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी त्या बदल्यात तुला काहीच दिलं नाही. नुसती जिंकल्यासारखी दारात उभी राहिले.

पुढच्या थंडीत तू गेलास. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं आटोपलं. फाट्यावरच्या दुकानातून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. स्टँडवर गाडी नव्हती. मी काळी-पिवळीच्या सगळ्या सीटांचे पैसे दिले आणि म्हटलं, कुठंही थांबू नको. तरी उशीर झाला. हे तुझ्या बाजूचं आहे. भांडण इमानदारीनं करायचं तर हेही लिहायला पाहिजे. खोली घेताना मी ऑफिसपासूनचं अंतर मोजलं होतं, तुझ्यापासूनचं त्या दिवशी मोजलं गेलं. पण म्हणून तू बरोबर होतास असं मी म्हणणार नाही. तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

आता मी त्या ऑफिसात सगळ्यांत जुनी. नवी पोरं रुजू होतात आणि चहाच्या वेळी विचारतात, मॅडम, बाहेर स्वस्तात जागा मिळतेय, घेऊ का? मी त्यांना सांगते, रविवारी एजंटच्या गाडीतून जागा बघू नका. सोमवारी सकाळी सातला त्या जागेवर जाऊन उभे राहा आणि तिथून ऑफिसला येऊन दाखवा. आठवडाभर या. पावसाळ्यात एकदा या. मग मला भाव सांगा. पोरं हसतात, म्हणतात मॅडमचं काहीतरीच. एक पोरगी मात्र खरंच आठवडाभर तशी आली आणि शनिवारी माझ्या टेबलावर लाडू ठेवून गेली. मी तिला मिठाची गोष्ट सांगितली. कुणाची गोष्ट आहे ते नाही सांगितलं.

तर माझं म्हणणं हे असं आहे. ती खोली मी घेतली ते बरोबर केलं. उद्या पुन्हा बावीस वर्षांची झाले तर पुन्हा घेईन, तू कितीही डोळे वटारलेस तरी. हा कागद कुठं पाठवायचा नाही. तुझं घड्याळ केव्हाच बंद पडलंय, त्याच्या डबीत घडी घालून ठेवीन. फक्त डबी बंद करायच्या आधी एक दुरुस्ती करायची राहिलीय.

फाट्याला उलटं मी बसायला जागा मिळावी म्हणून जायचे, असं वर लिहिलंय. जागा उजवीकडंही मिळायची. मी डावी खिडकी धरायचे. कारण तू रस्त्याच्या डाव्या बाजूला असायचास. डावीकडची खिडकी मिळाली नाही तर मी कधी कधी ती गाडी सोडून द्यायचे, आणि त्या लेटमार्कांमधले निदान दोन तरी तशा सोडलेल्या गाड्यांचे आहेत. ते मी साहेबांना सांगितलं नाही, याडीला सांगितलं नाही, तुझ्या प्लॉटच्या नावावर खपवले. तुझा पहिला पांढरा दगड दिसला की मी काच सरकवायचे. थंडीत मागचे लोक ओरडायचे, ए बाई, खिडकी लाव. तू फावडं काखेत धरून उभा असायचास. मी कुठल्या खिडकीत आहे हे तुला दिसायचं नाही, म्हणून तू सगळ्या गाडीला हात करायचास, शेवटची खिडकी जाईपर्यंत. मी कधी हात हलवला नाही, लोक बघतील म्हणून. आणि त्या भांडणानंतरचे एक तारखेपर्यंतचे सहा दिवस तू हात केला नाहीस. पाठ करून बसला होतास, दगडाला चुना लावत. सहाही दिवस त्याच एका दगडाला.

मी झोपत नव्हते बा. एक दिवससुद्धा.